घराच्या बाजूला

३ तारीख, सोमवार

घरात आता बोलायलाही जागा उरलेली नाही, म्हणून लिहायला घेतलंय. पलंगाखाली उरलेल्या सिमेंटच्या गोण्या, मोरीत घमेली, दारामागे सळया कापायचं यंत्र. सासूबाई रोज त्या यंत्राला अडखळतात आणि रोज मला विचारतात, "संसार मांडलाय की दुकान?" खरं उत्तर "दोन्ही" असं आहे, पण ते द्यायची हिंमत अजून झालेली नाही.

नवऱ्यानं मोठ्या कंत्राटदाराकडची मुकादमी सोडली आणि मी कुरियरच्या ऑफिसातली खुर्ची. त्याला मी अजून मुकादमच म्हणते, सवय गेली नाही. आमचा धंदा साधा आहे. ज्यांच्या घराचं अंगण उताराचं आहे त्यांना माती धरून ठेवणारी काँक्रीटची भिंत बांधून द्यायची आणि अंगण सपाट करून द्यायचं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसलं नाही; आमच्याकडे येणाऱ्यांचं अंगण खरोखरच वाकडं असतं. हा विनोद मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते आणि मुकादम प्रत्येक वेळी दुसरीकडे बघतो.

दोन भिंती झाल्या. दोन्ही ठिकाणी घर वर होतं आणि अंगण घरापासून खाली घसरत गेलेलं. अंगणाच्या टोकाला भिंत घातली, घर आणि भिंत यांच्यामध्ये माती भरली, झालं. आता तिसरी भिंत सिस्टरांची, आणि ही सगळी उलटी आहे. घर खाली, आणि मागचं अंगण घरापासून वर चढत जातं. तो चढ कापून मागे दीड माणूस उंचीची भिंत घालायची, म्हणजे घरामागे सपाट जागा मिळेल आणि वरची माती भिंतीमागे राहील.

सिस्टर म्हणजे रिटायर झालेल्या नर्स. त्यांचे यजमान, काका, जन्मभर बस चालवत होते. आता कमरेखाली काही हलत नाही. पुढच्या दाराला पायऱ्या, मागच्या दाराला चढ, त्यामुळे चाकाची खुर्ची आणि माणूस दोघं एका खोलीत बसून असतात. मला म्हणाले, "एवढे रस्ते तुडवले गं, आणि आता उंबरठा ओलांडवत नाही." हे काम मला मनापासून नीट करायचं आहे.

५ तारीख, बुधवार

आज सगळं एकदम आलं. मुकादम शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्लेटा बघायला बाहेरगावी. गॅस संपला. सासूबाईंचा चष्मा हरवला आणि तो मीच कुठेतरी "आवरून" ठेवला असणार असा निकालही लागला. त्यात सळया बांधणाऱ्या फिटरचा फोन.

"वहिनी, पायातनं भिंतीच्या सळया वर काढतोय. जाड कुठल्या बाजूला घेऊ?"

"आता हे काय विचारणं झालं का? नेहमीसारखं. जाड घराच्या बाजूला, बारीक बाहेरच्या बाजूला."

"मुकादमांना एकदा विचारू का?"

"मी सांगतेय ना."

जाड घराकडे, बारीक बाहेर, हे आमचं ठरलेलं वाक्य आहे. पहिल्या भिंतीला मुकादमानं फिटरला घोकून घोकून शिकवलं, तेव्हा मलाही पाठ झालं. धंद्यात अशी पाठ वाक्यं लागतात, नाहीतर दर वेळी नकाशे उलगडत बसावं लागेल. आणि खरं सांगायचं तर फिटरनं मला विचारलं आणि माझं ऐकलं याचं मला बरंच वाटलं. कुरियरमध्ये मला कोणी काही विचारत नसे.

चष्मा सासूबाईंच्या डोक्यावर सापडला. त्यावर एक शब्दही कोणी बोललं नाही.

१४ तारीख, शुक्रवार

काँक्रीट पडलं. मुकादम तापातून उठून आला होता, तरी त्यानं सळया मोजल्या, अंतरं बघितली, प्लेटा ठोकून घेतल्या. गाडी उशिरा आली, मग सगळी घाई. मी छत्री धरून, काँक्रीट हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरवाल्याच्या मागे उभी होते, ऊन त्याला लागू नये म्हणून नाही, तो मध्येच विडी ओढायला जाऊ नये म्हणून.

१९ तारीख, बुधवार

प्लेटा निघाल्या. इतकी गुळगुळीत भिंत मी आमच्या हातून झालेली पाहिली नव्हती. सिस्टर हात फिरवून म्हणाल्या, "याला रंगसुद्धा नको." दारातून फळ्यांचा उतार केला आणि काकांची खुर्ची बाहेर आणली. ते भिंतीच्या सावलीत जाऊन बसले. सिस्टरांनी पदर डोळ्याला लावला. माझेही डोळे भरून आले, लपवत कशाला.

मग काकांनी विचारलं, "एवढी माती मागून ढकलणार, मग ही पुढे पडत कशी नाही?" मुकादमाला असे प्रश्न फार आवडतात. त्यानं आपला पंजा उभा धरला. "हा पंजा म्हणजे भिंत. माती मागून रेटते. पंजा पुढे वाकायला बघतो, की मागची बाजू ताणली जाते. काँक्रीटला ताण सोसत नाही, तो सोसते सळई. म्हणून जाड सळया मातीच्या..." आणि थांबला. पंजा तसाच हवेत. मग म्हणाला, पाणी पिऊन येतो. पाणी प्यायला गेला तो भिंतीच्या मागच्या बाजूलाच जाऊन उभा राहिला.

ताप पुरता उतरलेला नाही त्याचा. मी काकांना म्हटलं, मुकादमाला भाषणाची सवय नाही.

२० तारीख, गुरुवार

जेवताना मुकादमानं मध्येच विचारलं, "पायाच्या वेळी फिटरशी कोण बोललं होतं?"

"मी. का?"

"नाही, सहज."

"काही चुकलं का?"

माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही. भात वाढ." वाढला तर खाल्ला नाही. सासूबाई माझ्याकडे बघतात, जणू मी भातात खडे टाकले.

२४ तारीख, सोमवार

मुकादमाला काय झालंय देव जाणे. भिंतीमागची खाच भरायची आहे. वरचा कापलेला चढ आणि भिंत यांच्यामध्ये माणूस जाईल एवढी जागा उघडी आहे, तिथे खडी आणि माती टाकली की काम संपलं. पण याचं रोज एक कारण. आज म्हणे ट्रकवाला आजारी. मी ट्रकवाल्याला फोन केला तर तो ठणठणीत.

आणि इकडे कोणी सांगितलं नसताना घराच्या भिंतीला लागून काकांसाठी खुर्ची चढेल असा बुटका ओटा बांधतोय. वर पत्र्याची सावली. पदरचं सिमेंट, पदरचा पत्रा. काकांना म्हणाला, "इथे बसत जा, वारा चांगला लागतो." काकांना मात्र भिंतीचीच सावली हवी. तिथून त्यांना वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा आवाज ऐकू येतो म्हणे, गिअर कुठे बदलला तेही कळतं. मुकादम हसून त्यांची खुर्ची परत ओट्याकडे ढकलतो. ते परत चाकं फिरवत भिंतीकडे येतात. लहान मुलांसारखा खेळ चाललाय दोघांचा.

फुकटची हौस. धंदा असा होतो का?

२८ तारीख, शुक्रवार

भांडण झालं. आमच्या घरात भांडण म्हणजे मी बोलते आणि तो चपला घालतो.

मी म्हटलं, सिस्टरांचा फोन आला होता. मागच्या खाचेत कुत्रं पडलं, काढता काढता नाकी नऊ आले, केव्हा भरणार विचारतात. पुढची दोन गिऱ्हाइकं ही भिंत पूर्ण झालेली बघायला येणार आहेत, त्यांना काय खड्डा दाखवू? तो म्हणाला, "थोडं थांब."

"कशासाठी थांबू?"

"मी काहीतरी बघतोय."

"काय बघतोयस? मुहूर्त?"

चपला घातल्या. दारातून म्हणाला, "तू या कामात लक्ष घालू नकोस आता. दुसऱ्या गिऱ्हाइकांचं बघ." म्हणजे घमेली मोरीत ठेवायला मी, फोन घ्यायला मी, सासूबाईंचं ऐकायला मी, आणि काम पूर्ण व्हायची वेळ आली की मी लक्ष घालायचं नाही. कुरियरमध्ये माझी खुर्ची आता दुसरीला दिली आहे. परत जावं म्हटलं तर दार बंद, पुढे जावं म्हटलं तर नवरा दारात आडवा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण निदान तिथे मधे उभं राहायला जागा तरी असते.

२ तारीख, मंगळवार

काम फत्ते. मुकादम प्लेटा परत करायला बाहेरगावी गेला आणि मी ट्रकवाल्याला बोलावून घेतलं. संध्याकाळपर्यंत खडी, माती, सगळं वरपर्यंत भरून, दाबून, सपाट. सिस्टरांनी चहा दिला. काका म्हणाले, "मालकीणबाई तुम्हीच खऱ्या." त्यांची खुर्ची भिंतीच्या सावलीत मी स्वतः लावून दिली.

मुकादमाला फोनवर सांगितलं नाही. आला की बघेल आणि मनातून खूश होईल. त्याला फक्त कोणीतरी ढकलायला लागतं.

४ तारीख, गुरुवार

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

काल दिवसभर पाऊस. मुकादम आज सकाळी परतला, घरी न येता आधी सिस्टरांकडे गेला. थोड्या वेळानं सिस्टरांचा फोन, "अगं, तुझा नवरा भिंतीमागची माती उपसतोय. एकटाच. काही बोलत नाही. तू ये."

गेले. चिखलानं माखलेला, फावडं घेऊन वर. मी ओरडले, "परवाच भरलंय ते, दिवसभर राबून." त्यानं वर बघितलं. इतकी वर्षं संसार केला, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, नुसती भीती, असं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "आधी काकांना आत ने. मग फिटरला बोलाव. मग बोल."

दुपारपर्यंत फिटर, मी आणि तो, तिघांनी बरीचशी माती काढली. मग त्यानं मला भिंतीच्या मागे खाली उतरवलं. पायाच्या जरा वर, मातीच्या बाजूला, आडवी चीर होती, केसाएवढी, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओळंबा सोडून दाखवला. भिंत वरच्या अंगाला पुढे झुकली होती. घराकडे. काकांच्या सावलीकडे.

"जाड सळया पुढच्या बाजूला आहेत," तो म्हणाला. "मातीकडे नुसत्या बारीक आहेत."

मला कळायला वेळ लागला. आधीच्या दोन घरांना माती घराकडेच होती, म्हणून जाड घराकडे. इथे माती घराच्या उलट बाजूला. इथे वाक्य उलटं व्हायला हवं होतं.

"तुला कधी कळलं?"

"प्लेटा निघाल्या त्या दिवशी."

म्हणजे ते थांब, थांब. तो ओटा. ट्रकवाल्याचा आजार. मला सगळं एकदम दिसलं आणि मी इतकी चिडले की रडायला लागले. माझ्याजवळ बोलला का नाही? एवढी मोठी चूक पोटात ठेवून हिंडत होता, आणि मी मूर्खासारखी माती भरून मोकळी झाले. मला सांगितलं असतं तर मी कशाला भरली असती?

हे मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "हो. सांगायला हवं होतं." फावड्याचा चिखल काढत बसला.

५ तारीख, शुक्रवार

भिंतीला पुढून लाकडी टेकू लावले. सिस्टरांना सांगितलं, पाऊस मुरलाय, वाळेपर्यंत असू दे. त्या मान डोलावून गेल्या. नर्स आहेत, पेशंटला असंच सांगायची त्यांनाही सवय असणार.

मुकादम म्हणतो, उद्या सिस्टरांना खरं सांगू आणि पायासकट भिंत काढून टाकू. मी म्हटलं, थांब. आता थांब म्हणायची पाळी माझी. भिंत पाडली हे या वस्तीत दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल. पुढची दोन्ही कामं गेली. मुकादम नोकरी सोडताना जो कंत्राटदार "बघू किती दिवस टिकतोस" म्हणाला होता, तो पोट धरून हसेल. टेकू ठेवू, मागे पुन्हा माती टाकायचीच नाही, पुढे काहीतरी मार्ग निघेल. मी हे सगळं त्याच्याच नावासाठी म्हणते आहे. चूक त्याची, हे जगजाहीर झालं तर तो उभा राहील का परत?

हो, फिटरला फोनवर मी बोलले होते. पण मी काय बोलले? जे त्यानं शिकवलं तेच. काँक्रीटच्या आधी सळया तपासायचं काम कोणाचं? तो ताप घेऊन आला आणि मोजून गेला. बाजू बघितली नाही. मी हे त्याला बोलून दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. पडलेल्याला काय लाथ मारायची.

रस्त्यावरून ट्रक गेला की मी दचकते. त्या घरात मी जाते तेव्हा भिंत माझ्याकडे बघत नाही, मीच तिच्याकडे बघत नाही.

८ तारीख, सोमवार

सिस्टर सकाळी वस्तीत इंजेक्शनं द्यायला जातात. तेवढा वेळ काकांजवळ मी बसते म्हणून सांगितलंय. त्यांना वाटलं माया. माया आहेच. पण मी बसते ते काकांनी बाहेर जाऊ नये म्हणून. टेकू आहेत, मागची माती काढली आहे, तरी मुकादम म्हणतो, चीर पडलेल्या भिंतीवर विश्वास टाकायचा नाही.

काका रोज तेच. "चल गं, जरा सावलीत." मी रोज नवं कारण. ऊन आहे, ओल आहे, डास आहेत. आज म्हणाले, "तू माझ्या बसमधल्या कंडक्टरसारखी झालीस. जागा असली तरी नाही म्हणायचं." मी हसले. मग विचारलं, "ते टेकू कशाला गं?"

"वाळेपर्यंत, काका."

"काँक्रीट पावसानं भिजलं तर आणखी पक्कं होतं ना? तुझा नवराच सांगत होता."

मी चहा ठेवते म्हणून उठले.

९ तारीख, मंगळवार

हे लिहायचं की नाही, तासभर ठरत नव्हतं.

सिस्टर इंजेक्शनांना गेल्या होत्या. मुकादम बाहेर टेकूंच्या पाचरी ठोकत होता. त्यानं मला दुसऱ्या बाजूनं लाकूड धरायला बोलावलं. काकांची खुर्ची दाराकडेच तोंड करून होती आणि ते माझ्याकडे बघत होते. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. दोन मिनिटांचं काम होतं. मुद्दाम वगैरे काही नाही, हात आपोआप गेला.

आतून चाकं दारापर्यंत आल्याचा आवाज आला. मग दारावर खुर्चीचं चाक लागलं. मग काका म्हणाले, "मुली, कडी पडली वाटतं."

मी लाकूड धरून उभी. आवाज दिला असता तर दार उघडावं लागलं असतं. उघडलं असतं तर ते बाहेर आले असते. मी गप्प राहिले. त्यांनी आणखी एकदा दार ढकललं, जोरात नाही, आपण उगाच त्रास देतोय अशा बेतानं. "कोणी आहे का बाहेर?"

त्या क्षणी मला वाटलं की जमिनीनं मला गिळावं. ही भिंत बांधली ती या माणसाला त्या खोलीतून बाहेर काढायला. आणि मी त्याला पुन्हा आत कोंडून बाहेर मुक्यानं उभी होते.

मुकादमानं हातोडा खाली ठेवला. कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग जाऊन कडी काढली आणि काकांच्या समोर उंबरठ्यावरच बसला.

"काका, ही भिंत चुकली आहे. जाड सळया उलट्या बाजूला पडल्यात. चूक माझी आहे. पाडून नवीन बांधून देईन. तोवर तुम्ही पलीकडे जायचं नाही."

काका भिंतीकडे बघत राहिले. "म्हणजे इतके दिवस मी हिच्याखाली बसत होतो."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"मला होतं. हिला नव्हतं."

मी काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ते बोलतच होते.

"आणि कडी?" काकांनी विचारलं. "कडीही तूच लावलीस?"

"मीच लावली," मुकादम म्हणाला.

काकांनी त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. कडीचं त्यानं स्वतःवर का घेतलं ते मला कळलं नाही. एकदा कबूल करायला लागलं की माणसाला थांबता येत नसेल.

सिस्टर आल्यावर त्यांनाही तसंच सांगितलं. त्या खूप रागावल्या. मोठ्यानं नाही. म्हणाल्या, "मी वॉर्डात चुका पाहिल्यात. चुकीचा मला राग नाही. तुम्ही माझ्याच घरात माझ्या माणसाभोवती नाटक केलंत." मुकादम ऐकत उभा. मीही त्याच्या शेजारी उभी राहिले, हटले नाही. बायको म्हणून तेवढं करायलाच हवं.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं आता मुलाची बाजू घेऊन माझ्यावर येतील. नाही आल्या. जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "लहानपणी याच्या धाकट्या बहिणीनं काही फोडलं की मार हा खाऊन यायचा." इथे त्याचा काय संबंध, मला कळलं नाही. म्हाताऱ्या माणसांना जुनं आठवत राहतं.

१७ तारीख, बुधवार

भिंत पडते आहे. पाडायचं यंत्र दिवसभर धडधडतं आणि वस्तीतली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहतात, कामधंदे नसल्यासारखी. पुढची दोन्ही गिऱ्हाइकं गेली. एकानं निदान फोन करून सांगितलं. काका पुढच्या खोलीत आहेत, खिडकी लावून, धूळ येते म्हणून.

काँक्रीट फुटलं तशा सळया उघड्या पडल्या. जाड, काळ्या, घराकडे. फिटर बघत राहिला. मग माझ्याजवळ आला, डोक्याचं फडकं सोडून म्हणाला, "वहिनी, मला त्या दिवशी वाटलंच होतं. म्हणून तर मी फोनवर तुम्हाला..."

"ए, तो कटर आण इकडे," मुकादम मागून ओरडला. इतक्या जोरात तो कामगारांवर कधी ओरडत नाही. फिटर गेला तो परत आला नाही. मी मुकादमाला म्हटलं, "गरीब माणूस आहे, नीट बोल त्याच्याशी." तो म्हणाला, "बरं."

झोप येत नाही. डोळे मिटले की दारावर खुर्चीचं चाक लागतं.

२६ तारीख, सोमवार

मधे बराच काळ गेला, लिहावंसं वाटलं नाही.

नवी भिंत उभी राहिली. या वेळी मुकादमानं मला तिथे येऊच दिलं नाही, सळया स्वतः बांधल्या, फिटरलाही नुसतं धरायला ठेवलं. मागे माती भरून झाल्यावरही तो कित्येक दिवस सकाळी जाऊन ओळंबा सोडून येत होता. मी काल पहिल्यांदा बघायला गेले. पहिलीइतकी गुळगुळीत नाही. काका ओट्यावर बसले होते, पत्र्याखाली. मी म्हटलं, "काका, आता सावलीत जायला हरकत नाही." ते म्हणाले, "इथे बरं आहे." सिस्टरांनी चहा विचारला नाही.

मुकादम आजपासून पुन्हा कंत्राटदाराकडे. तिथे हसले की नाही, त्यानं सांगितलं नाही. पगारही पूर्वीचा नाही. मी कुरियरमध्ये विचारून आले; जागा नाही. सळया कापायचं यंत्र अजून दारामागेच आहे, विकायला काढलंय पण कोणी येत नाही. सासूबाई त्याला वळसा घालून जायला शिकल्या आहेत आणि मी दिवसभर त्यांच्याबरोबर या दोन खोल्यांत.

सकाळी तो निघाला तेव्हा मला वाटलं, आज बोलायला हवं. माणूस खाली मान घालून परत त्याच दारात जातोय, घरून तरी त्यानं ओझं नेऊ नये. मी त्याचा डबा हातात दिला आणि म्हटलं, "एक सांगू? चुका माणसाकडूनच होतात. तुझ्याकडून झाली. मी मनात काही ठेवलेलं नाही. कधी बोलून दाखवणारही नाही."

सासूबाई आतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. तो वाकून चपलेचा पट्टा लावत होता. बराच वेळ लावत राहिला.

मग उठून म्हणाला, "बरं झालं. तुझ्या मनात काही राहायला नको, एवढंच मला हवं होतं." आणि जिना उतरून गेला.